न झालेली चूक

पुण्याहून परत येताना गाडीत पहिलं भांडण झालं ते पिशव्यांवरून. कॉन्फरन्समध्ये कंपन्यांनी वाटलेल्या कापडी पिशव्या निनादने हाताला लागतील तेवढ्या उचलल्या होत्या आणि आता त्या कादंबरीच्या पायात येत होत्या.

“निनाद, लाज वाटू दे थोडी. लग्नाच्या पंगतीतून लाडू बांधून आणल्यासारखं काय हे?”

“ताई, सर सोमवारी विचारणार, पुण्याहून काय आणलंत? तेव्हा रिकाम्या हाताने उभं राहायचं का? मी पिशव्या पुढे करीन, तू ज्ञान पुढे कर.”

मागे बसलेली मनस्वी खुदकन हसली. कादंबरीला मात्र हसू आलं नाही. सकाळी ऐकलेलं एक बोलणं तिच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. हात लावावा तिथे टोचत होतं.

पनवेलला उरण नाक्याजवळ, डोळ्यांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, उदयसिंह सरांची छोटी कंपनी होती. द्रोणागिरीच्या गोदामांसाठी ती एक अ‍ॅप चालवायची. कंटेनर घेऊन येणाऱ्या ट्रेलरवाल्याने फोनवरच गेटची वेळ घ्यायची, त्या वेळेला यायचं, माल उतरवायचा आणि वाटेला लागायचं. रस्त्यावर गाड्यांची रांग लागू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. प्रोग्रामर ते अ‍ॅप लिहायचे आणि कादंबरी, निनाद, मनस्वी हे तिघे त्यातल्या चुका शोधायचे. या धंद्यात चुकीला बग म्हणतात आणि शोधणाऱ्याला टेस्टर.

सर कोल्हापूरकडचे, लहानपणी तालमीत घुमलेले. चुरस लावल्याशिवाय माणूस अंग हलवत नाही, असं त्यांचं ठाम मत. म्हणून त्यांनी ऑफिसात एक पांढरी पाटी लावली होती. कोणी किती बग धरले ते दर शुक्रवारी तिच्यावर लिहायचं. ज्या प्रोग्रामरच्या कामात सगळ्यात जास्त निघाले, त्याने सगळ्यांना वडे चारायचे. शार्दूल नावाच्या प्रोग्रामरवर ही पाळी इतक्या वेळा आली होती की तो जिना उतरताना दिसला की खालचा वडेवाला न विचारताच घाणा सोडायचा.

या पाटीने टेस्टिंगवाल्यांना एक खोड लावली. मंगळवारी बग दिसला तरी तोंड उघडायचं नाही. तो बाजूला ठेवायचा, त्याला आणखी दोन-चार जोडीदार मिळू द्यायचे, फोटोबिटो काढून सजवायचा आणि शुक्रवारी दुपारी सगळं एकदम पाटीवर ओतायचं. तोवर शार्दूल बिचारा त्याच चुकीवर आणखी दोन मजले चढवून बसलेला असे. निनाद याला ‘लोणचं घालणं’ म्हणायचा. “आत्ता नको सांगू गं, मुरू दे,” असं तो मनस्वीला बजावायचा. शार्दूल समोरच बसायचा, पण त्याच्याशी बोलणं असं नव्हतंच. दोन्हीकडच्या माणसांचे डबेसुद्धा वेगवेगळ्या टेबलांवर उघडायचे.

आणि पुण्यात कुमुदताई नावाच्या बाईंनी नेमकं याच खोडीवर बोट ठेवलं. केस पिकलेले, अंगावर साधी सुती साडी, सगळी नोकरी टेस्टिंगमध्ये गेलेली. बाकीच्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. या बाई रिकाम्या हाताने आल्या आणि म्हणाल्या, “बग सापडला की आनंद कोणाकोणाला होतो? हात वर करा.”

अख्ख्या सभागृहाने हात वर केले. निनादने तर दोन्ही केले.

“म्हणजे चूक व्हावी अशी तुमची आतून इच्छा असते,” बाई शांतपणे म्हणाल्या. “गवंड्याने भिंत वाकडी चढवेपर्यंत ओळंबा खिशात ठेवणारा मुकादम तुम्ही आपल्या घराच्या बांधकामावर ठेवाल का?”

वर झालेले हात हळूहळू खाली आले.

“चूक लिहिली जाण्याआधी जाऊन बोला. आणि कधीतरी आपली खुर्ची सोडा. माणूस जिथे उभा राहून ते अ‍ॅप वापरतो तिथे जा आणि तोंड न उघडता बघा. एवढ्या वर्षांत मला एवढंच कळलंय.” इतकं बोलून बाई खाली बसल्या.

घाट उतरून गाडी सपाटीला लागली तेव्हा मनस्वी म्हणाली, “ताई, आपण खरंच ओळंबा खिशात ठेवतो.”

“ठेवतो गं,” कादंबरी म्हणाली.

“मी नाही ठेवत,” निनाद म्हणाला. “मी बरणीत ठेवतो.”

यावर तिघेही हसले.

सोमवारी सरांनी तिघांना समोर बसवलं. कादंबरीने आडपडदा न ठेवता सांगितलं : यापुढे आम्ही प्रोग्रामरांजवळ जाऊन बसणार. काम लिहायला घेण्याआधी विचारणार, खोट दिसली की तिथल्या तिथे सांगणार.

सरांनी मिशीवरून हात फिरवला. “म्हणजे चूक होण्याआधीच सांगणार. मग चूक होणार नाही. मग पाटीवर काय लिहायचं?”

“कमी लिहायचं, सर.”

“मॅडम, कुस्तीत समोरच्याची पाठच लागली नाही, तर फेटा कोणाला बांधायचा?” सर हसले, पण लगेच गंभीर झाले. “करून बघा. मी आडवा येत नाही. फक्त एक आत्ताच सांगून ठेवतो. या महिनाअखेर मनस्वीला पक्की करायची की नाही ते ठरायचंय. तिचं काम मी डोळ्यांनी बघत नाही, मला पाटीच दिसते. मागाहून माझ्याकडे रडत यायचं नाही.”

मनस्वी नवी होती, अजून तात्पुरत्या नेमणुकीवर. द्रोणागिरीच्या कडेच्या गावची पोर. घरची मिठागरं केव्हाच गेली होती आणि उरलेल्या जमिनीवर तिचे वडील तुळशीराम ट्रेलर उभे करायला जागा द्यायचे. घरात खायला-प्यायला कमी नव्हतं. कमी होती ती एवढीच, की शिकून-सवरून पोरगी शहरात दुसऱ्याच्या हाताखाली राबते, हे बापाच्या गळी उतरत नव्हतं. “पक्की झाली नाय तं गपचूप प्लॉटवर येऊन बस,” असं त्यांनी ठणकावलं होतं. “आपली जागा हाय, कोनाची चाकरी नाय.” मनस्वीने शब्द दिला होता. पक्की झाले नाही तर येते. त्यामुळे पाटीवरच्या आकड्याला तिचं उभं आयुष्य टांगलेलं होतं.

कादंबरीने तिला जिन्यात गाठलं. “हे बघ, हा महिना तू जुन्याच वाटेने चाल. बग धर, शुक्रवारी लिही. नवं काय करायचं ते मी आणि निनाद करू. एकदा पत्र हातात पडू दे, मग तू मोकळी.”

“बरं, ताई,” मनस्वी म्हणाली. पण बरं म्हणताना तिने वर पाहिलं नाही.

पुढच्याच आठवड्यात शार्दूलने गेटचं नवं काम हातात घेतलं. कागदावर रेघोट्या ओढत तो शेजाऱ्याला समजावत होता : एक गाडी, एक वेळ. गाडीने एका गोदामाची वेळ घेतली की ती संपेपर्यंत तिला दुसरी मिळणार नाही, म्हणजे कोणी उगाच जागा अडवून ठेवणार नाही. ऐकायला झकास होतं. पण मनस्वीच्या घरासमोर रोज अशा गाड्या उभ्या असत, ज्यांच्यावर दोन छोटे कंटेनर चढवलेले असत, एक या गोदामाचा, एक त्या गोदामाचा. शार्दूलच्या हिशेबाने अशी गाडी पहिला कंटेनर उतरवून दुसऱ्या गोदामाच्या दाराशी, हातात वेळ नसल्याने, अडकून पडणार होती. आणि तिच्यामागे सगळी रांग.

निनादच्याही ते ध्यानात आलं. तो मनस्वीच्या कानाशी लागला. “हा तुझा. याला हात लावू नकोस, लिहू दे त्याला सगळं. शुक्रवारी हा फोडलास की यातून ढीगभर बग निघतील, पाटीवर दुसरं नाव दिसणार नाही. महिना तरलीस तू.”

त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं, पोरीची नोकरी वाचावी एवढंच त्याला हवं होतं. कादंबरीनेही ते ऐकलं. ऐकलं आणि आपल्या स्क्रीनमध्ये डोकं घातलं.

जेवणाची वेळ झाली. मनस्वी डबा घेऊन उठली, टेस्टिंगच्या टेबलाकडे दोन पावलं गेली, थांबली आणि सरळ शार्दूलच्या टेबलावर जाऊन बसली. सगळ्या ऑफिसच्या माना तिकडे वळल्या.

“काय गं?” शार्दूल म्हणाला. “यावेळी वडे आगाऊ वसूल करायला आलीस काय?”

“एक विचारू? एका गाडीवर दोन कंटेनर असले तर?”

“दोन? एका गाडीवर?”

“छोटे असतात ते. आमच्या दारात उभ्या असतात अशा गाड्या.”

शार्दूलचा घास हातातच राहिला. त्याने डाव्या हाताने कागद ओढला, थोडा वेळ बघितला आणि चुरगाळून टाकला. “बस इथेच,” तो म्हणाला. “आणखी काय काय उभं असतं तुमच्या दारात, ते सांग.”

संध्याकाळी कादंबरीने तिला विचारलं, “तुला मी सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतंत, ताई. पण तो समोर चुकीचं लिहीत होता आणि मी टक लावून वाट बघत होते. कोणी खड्ड्याकडे चालत जावं आणि आपण तो पडायची वाट बघावी, तसं वाटलं. माझ्याच्याने नाही झालं.”

कादंबरीला पोरीचा रागही आला होता आणि आपलीच थोडी लाजही वाटत होती.

त्या दिवसापासून ऑफिसची तऱ्हा बदलली. आधी शार्दूल, मग बाकीचे प्रोग्रामर काम लिहायला घेण्याआधी मनस्वीला हाक मारू लागले. “ये गं, जरा खोट काढ.” निनादलाही बोलावणी येऊ लागली. तो कुरकुरत जायचा आणि तासभर परत यायचा नाही. डब्यांची टेबलं जोडली गेली. शुक्रवारी वड्यांवरून वाद होऊ लागला, कारण ते कोणी आणायचे हेच कळेना. आणि पाटी ओस पडत चालली. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी निनादच्या नावापुढे किरकोळ चार-दोन बग होते. मनस्वीच्या नावापुढे काहीच नव्हतं.

दुपारी निनाद खडूवाल्या मास्तरासारखा पेन हातात घेऊन पाटीपुढे उभा राहिला. “ताई, माझे सगळे हिच्या नावावर टाकतो. सरांना काय कळतंय?”

कादंबरीने त्याच्या हातातलं पेन घेतलं. एक रेघ पुसायची, एक ओढायची, की पोरीची नोकरी पक्की. तिने पाटीजवळ हात नेलासुद्धा. मागून मनस्वी म्हणाली, “नको, ताई.”

“का नको?”

“पुढच्या महिन्यात कोणाचे उसने आणणार?”

कादंबरीने पेनाला टोपण लावलं, ते खिशात टाकलं आणि तशीच सरांच्या खोलीत गेली. सरांनी पाटी आधीच बघितली होती.

“मॅडम, पुण्याला पाठवलं तर तुम्ही शून्य शिकून आलात?”

“सर, त्या शून्याच्या मागे काम आहे. दोन कंटेनरवाल्या गाड्यांचा घोळ तिने काम लिहिलं जाण्याआधीच पकडला.”

“घोळ झाला का?”

“नाही.”

“मग पकडला काय?”

न झालेली गोष्ट दाखवायची कशी? दार अर्धवट उघडं होतं. बाहेर शार्दूल उभा होता, कधीपासून कोण जाणे. त्याच्या बढतीचं बोलणं सरांकडे चालू होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपली खोट मालकापुढे वाचून दाखवायची ही काही त्याची वेळ नव्हती. तरी तो आत आला.

“सर, तो घोळ मी घालणार होतो. अख्खं काम तसंच लिहिणार होतो. तिने अडवलं.”

सरांनी त्याच्याकडे बघितलं, मग कादंबरीकडे. “वा! न झालेल्या गुन्ह्याचा तपास लागला आणि साक्षीदार कोण, तर चोर स्वतः!” बाहेर कोणीतरी फिस्सकन हसलं. शार्दूलही हसला, पण जागचा हलला नाही. तो हलत नाही हे बघून सर जरा विचारात पडले. “बरं. उद्या द्रोणागिरीच्या गेटवर हे नवं काम सुरू होतंय ना? मी स्वतः येतो. मग ठरवू.”

“या, सर,” कादंबरी म्हणाली. “पण एक अट आहे. तिथे कोणी बोलायचं नाही. ड्रायव्हरला शिकवायचं नाही. नुसतं बघायचं.”

“मलाही अट?”

“तुम्हालाच जास्त, सर.”

दुसऱ्या दिवशी सर, तिघे टेस्टर आणि शार्दूल गेटवर पोचले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. खाडीकडून खारट वारा येत होता आणि त्याच्याबरोबर गाड्यांची धूळ. तुळशीरामांचा प्लॉट तिथून हाकेच्या अंतरावर होता. साहेब आलेत हे कळल्यावर ते डोक्याला टॉवेल गुंडाळून आले आणि गेटच्या सावलीत उभे राहिले. सरांना म्हणाले, “साहेब, बगा एकदा नीट. नाय जमत तं सांगा, मी पोरीला आत्ताच घेऊन जातो. गाडी हाय.” मनस्वीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिचा चेहरा मात्र उतरला.

गाड्या येत होत्या, ड्रायव्हर फोन दाखवत होते, फाटक उघडत होतं. मग ती गाडी आली, पाठीवर दोन कंटेनर असलेली. ड्रायव्हरने पहिल्या गोदामाची वेळ घेतली आणि दुसऱ्याची घ्यायला लागला. बोट एकदा चुकीच्या जागी गेलं. सर पुढे सरसावले, तोंड उघडलं. कादंबरीने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. सरांनी तोंड मिटलं. ड्रायव्हरने आपलं आपण बोट मागे घेतलं, बरोबर जागी दाबलं, आणि गाडी आत गेली. तिच्यामागची दुसरी, तिच्यामागची तिसरी.

“झालं?” सरांनी विचारलं.

“झालं, सर.”

“काहीच झालं नाही की!”

“हो, सर.”

सर खट्टू झाल्यासारखे दिसले. एवढ्या उन्हात येऊन काहीच न झालेलं बघायचं, हे त्यांना नवंच होतं. पण मनस्वी अजून गाड्यांकडेच बघत होती. प्रत्येक ड्रायव्हर फोनवर पंजाची सावली धरत होता, फोन तिरका करत होता. ती शार्दूलजवळ गेली.

“तू सोमवारी ‘रद्द करा’चं बटण वेळ घ्यायच्या या हिरव्याच्या शेजारी टाकणार आहेस ना?”

“हो. नारंगी.”

“बघ तुझा फोन.”

शार्दूलने फोन उन्हात धरला, डोळे बारीक केले. “आयला, काहीच कळत नाही. दोन्ही एकच दिसणार.”

“नको तिथे बोट पडलं की वेळ रद्द. मग माणूस पुन्हा रांगेच्या शेपटाला.”

“वर टाकतो. लांब. आणि रद्द करायच्या आधी एकदा विचारून घेतो.” त्याने हातावरच काहीतरी खरडलं. विषय संपला.

सर दोघांच्या मागेच उभे होते. “आत्ता हे जे झालं,” ते सावकाश म्हणाले, “ते पाटीवर कुठे लिहितात?”

“कुठेच नाही, सर,” कादंबरी म्हणाली.

“आणि हिने हे पुढच्या शुक्रवारी सांगितलं असतं तर?”

“तर हिचा एक बग वाढला असता,” शार्दूल म्हणाला, “आणि तोवर तुम्हाला गोदामवाल्यांचे फोन घेत बसावं लागलं असतं.”

सरांनी रुमालाने मान पुसली. तालमीतला माणूस डाव पाहिल्याशिवाय मानत नाही, पण पाहिला की मानतो. ते वळून तुळशीरामांकडे गेले.

“काका, गाडी रिकामीच न्या. पोरगी आमच्याकडे पक्की झाली. पत्र सोमवारी देतो.”

तुळशीरामांनी टॉवेल सोडून पुन्हा गुंडाळला. “मंग माज्या प्लॉटवर कोन बसल?”

“तुमीच बसा, बाबा,” मनस्वी म्हणाली. “आपली जागा हाय, कोनाची चाकरी नाय.”

म्हातारा हसू दाबायला दुसरीकडे बघू लागला, पण खांदे हललेच. निनादने तेवढ्यात शार्दूलच्या पाठीवर थाप मारली आणि मनस्वीने ओढणीने तोंड पुसायचं निमित्त करून डोळे पुसले.

“सर,” कादंबरीने संधी साधून विचारलं, “मग पाटीचं काय करायचं?”

“राहू द्या आणखी थोडे दिवस,” सर म्हणाले. “माझी सवय मोडायला वेळ लागेल. एकदम काढलीत तर मला करमायचं नाही.”

कादंबरीला हे पूर्ण पटलं नाही, पण तिने ते तिथेच सोडलं. एका दिवसात एवढं वळलं तेही थोडं नव्हतं.

आणखी एक ट्रेलर गेटकडे येत होता, पाठीवर दोन कंटेनर. ड्रायव्हर नवखा पोरगा दिसत होता, फोन हातात धरून गोंधळलेला. सगळे सावलीला सरकले. सर मात्र पुढे झाले, केबिनच्या खिडकीच्या जरा मागे, त्या पोराला दिसणार नाहीत असे उभे राहिले. हात मागे बांधले, आणि तो बोट कुठे नेतो ते मान उंचावून बघू लागले.